कावा: एका घोडीची मान आणि चार शतकांचे पट्टे

या मालिकेत आजवर लढाया, किल्ले आणि दफ्तरे यांविषयी लिहीत आले. आजचा विषय थोडा आडवळणाचा आहे आणि त्यात माझी एक चूकही आहे.

‘गनिमी कावा’ हा शब्दप्रयोग आपण सारेच करतो. त्यातल्या ‘कावा’ या शब्दाला पागेतलाही एक अर्थ आहे: घोड्याला वर्तुळात फिरविणे. घोड्याला कावा देणे म्हणजे मध्यभागी उभे राहून, लांब दोरीच्या टोकाला त्याला गोल फिरवीत तालीम देणे. डावपेच आणि घोड्याची रपेट असे दोन अर्थ या एका शब्दात शेजारी नांदतात. आजच्या रायडिंग स्कूलमध्ये याच कामाला ‘लंजिंग’ म्हणतात. तो शब्द दोरीला असलेल्या फ्रेंच नावावरून आला.

स्वाराचे ओझे पाठीवर नसताना घोड्याने सैल व्हावे, मान पुढे आणि खाली लांबवावी, हा या कामाचा एक मोठा हेतू. घोड्याच्या डोक्यामागून निघालेला एक बळकट अस्थिबंध मानेच्या वरच्या कडेने खोगिरापुढच्या उंचवट्यापर्यंत जातो. मान खाली लांबली की तो ताणला जातो आणि पाठ वर उचलली जाण्यास मदत होते. मान वर ताठ धरली की पाठ खचते, पावले आखडतात. मग प्रश्न येतो तो साधनांचा. दोरी कशाला अडकवावी? डोके खाली यावे म्हणून एखादा पट्टा लावावा का, आणि लावला तर कोणता?

सतराव्या आणि अठराव्या शतकांतील युरोपीय अश्वविद्येचे ग्रंथ हा माझ्या पदव्युत्तर प्रबंधिकेचा विषय. त्या ग्रंथांतील चित्रांनी मला आधी मोहविले. ड्यूक ऑफ न्यूकॅसल, म्हणजे विल्यम कॅव्हेंडिश, हा इंग्लंडच्या यादवी युद्धातला राजपक्षाचा सेनानी. १६४४ मध्ये मार्स्टन मूरच्या लढाईत पराभव झाल्यावर त्याने देश सोडला. पुढे अँटवर्पला, चित्रकार रूबेन्सच्या घरात भाड्याने राहून, तो घोडे शिकवीत असे. १६५८ मध्ये तिथेच त्याचा भव्य फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातली चित्रे डीपनबेक याने रेखाटलेली. एकेका पानावर गोल वळलेली मान आणि पिळदार गळा यांचा असा दिमाख की पाहणाऱ्याने पाहतच राहावे. सत्ता, जमीन, सैन्य सारे गमावलेल्या माणसाच्या हाती एवढेच राज्य उरले होते, हेही त्या चित्रांत मला दिसत असे. (निर्वासित सरदारांविषयी माझ्या मनात जरा हळवा कोपरा आहे, हे कबूल करते.)

घोड्याचे काम कळल्याशिवाय या ग्रंथांवर लिहू नये, असे मार्गदर्शकांनी बजावले. म्हणून दर शनिवार-रविवार पुण्याबाहेरच्या एका पागेत जाऊ लागले. तिथे शर्यतीतून निवृत्त झालेली एक तपकिरी घोडी होती. डोके सदैव आभाळाकडे, पाठ खचलेली, दुडकी चाल तुटक. तिला सैल करण्याचे काम मी उत्साहाने अंगावर घेतले.

साहित्याच्या खोलीत साइड रेनची एक जोडी सापडली. हे कडियाळ्यापासून तंगापर्यंत दोन्ही बाजूंनी जाणारे, ठरलेल्या लांबीचे पट्टे. मी ते भोकाभोकाने आवळत गेले. न्यूकॅसलच्या चित्रातली कमान समोर दिसू लागली तेव्हा थांबले. फोटो काढला आणि याच खात्यावर टाकला. आपल्यापैकी पुष्कळांनी त्याचे कौतुकही केले होते.

दहाव्या-बाराव्या मिनिटाला घोडी थबकली. मी चाबूक उचलला. ती मागे सरली, आणखी मागे सरली, आणि दोन पायांवर उभी राहिली. उलटी पडली नाही हे केवळ नशीब. पागेतले वयस्कर मोतद्दार, ज्यांना सारेच मामा म्हणतात, धावत आले. त्यांनी आधी पट्टे सोडले, मग माझ्याकडे पाहिले.

“पोरी, तिनं पुढं जायचं तरी कुठं?”

मी म्हटले, “मामा, मान खाली यावी म्हणून...”

“मान खाली नाही आली. मान मागं आली.”

तिच्या ओठाच्या कोपऱ्यात कातडी सोलवटली होती. त्या रात्री मी ग्रंथ पुन्हा उघडला आणि चित्रात पट्टे शोधू लागले. ते तिथे होतेच. कॅव्हेसनच्या, म्हणजे नाकाडावर बसणाऱ्या पट्ट्याच्या कड्यातून दोर मागे खोगिराकडे येत होता आणि डोके आत ओढत होता. इतके महिने मी कमान पाहिली होती, दोर पाहिला नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थिनीने साधनाची चिकित्सा न करता त्यावर लुब्ध व्हावे, याची लाज घोडीच्या जखमेइतकीच बोचली.

माझ्या चुकीचे सारे खापर ड्यूकवर फोडणे मात्र अन्यायाचे होईल. तो आयुष्यभर घोड्यांत वावरलेला माणूस. दोर केव्हा सोडायचा हे त्याच्या हाताला कळत असेल. माझे पट्टे तंगाला बांधलेले होते. त्यांना कोणताच हात नव्हता.

त्याच्याआधीच्या प्लुविनेलकडे मी मग नव्याने वळले. फ्रान्सच्या तेराव्या लुईचा हा अश्वगुरू. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६२३ मध्ये निघाला. गुरू आणि बालराजा यांच्या संवादाच्या रूपात. त्यात एका खांबाभोवती, कॅव्हेसनला दोर लावून घोडा फिरतो. शिक्षा कमी आणि शाबासकी जास्त, असा त्याचा रोख. आणि १७३३ च्या ग्रंथात ला गेरिनियेर न्यूकॅसलला थोर अधिकारी मानतो, तरीही त्याच्या वर्तुळाच्या पाठामुळे घोड्याचा भार पुढच्या खांद्यांवर पडतो, असा आक्षेप घेतो. पूर्वसूरींचा मान राखून मतभेद कसा नोंदवावा, याचा हा नमुना मला आमच्या कित्येक चर्चासत्रांहून अधिक शिकवून गेला.

आमच्या घोडीसाठी मामांनी आणि मी मिळून कॅव्हेसन निवडला. तो निवडताना घाई उपयोगाची नाही. पट्टा नाकाच्या हाडावर बसला पाहिजे. खाली मऊ कूर्चेवर घसरला तर श्वासाला आणि नाजूक भागाला त्रास होतो, आणि गालपट्टी सैल असेल तर ती डोळ्यावर येते. आत जाड अस्तर हवे. दोरी नाकावरच्या मधल्या कड्याला लावली की तोंडातल्या कडियाळ्यावर ओढ येत नाही. दोरी सात-आठ मीटरची, म्हणजे वर्तुळ मोठे ठेवता येते. लहान वर्तुळात पायांचे सांधे उगाच पिळतात. जखम भरली तरी पहिले काही आठवडे दुसरा कोणताही पट्टा लावला नाही. वीस मिनिटे, दोन्ही दिशांनी सारखी.

त्यानंतर शांबों वापरून पाहिला. ही फ्रान्समधली युक्ती. तंगापासून निघालेली दोरी पुढच्या पायांमधून वर येते, तिला दोन फाटे फुटतात, ते कानांमागच्या पट्टीवरील कड्यांतून खाली उतरून कडियाळ्याला अडकतात. घोड्याने डोके उंचावले की कानांमागे दाब येतो. खाली केले की सारे सैल पडते. साइड रेन लावलेल्या घोडीला मान लांबवायची असती तरी लांबवता आली नसती. इथे लांबविल्याबरोबर सुटका होते. आधी बराच सैल बांधून तिला ही सुटका उमजू दिली. स्वार बसलेला असताना मात्र हे साधन वापरू नये. आणि जो घोडा मुळातच पुढच्या पायांवर रेलून चालतो त्याला त्याचा लाभ नाही. पाठीचे किंवा दातांचे दुखणे असेल तर आधी पशुवैद्य. दुखण्यावर पट्टा लावणे हा शुद्ध अडाणीपणा. साइड रेनही सरसकट वाईट नाहीत. सैल झालेल्या घोड्याला, जाणत्या हाताने, बेताच्या लांबीवर लावलेले ते उपयोगी पडतात. आमच्या घोडीला तेव्हा ते नको होते, एवढेच.

पाऊस उघडल्यावरच्या एका सकाळी, दुडक्या चालीत, तिने मान हळूहळू पुढे नेली, गुडघ्यांच्या उंचीपर्यंत खाली सोडली आणि लांब फुरफुरली. त्या दिवशी शांबों लावलेला नव्हता. मामा कुंपणाशी तंबाखू मळत उभे होते. त्यांनी फक्त मान हलविली.

तो जुना फोटो मी खात्यावरून काढलेला नाही. प्रबंधिकेच्या फोल्डरातही न्यूकॅसलच्या चित्राशेजारी त्याची एक प्रत आहे. दोन्हींत दोर कुठून कुठे जातो ते लाल रेषेने दाखविले आहे.

आता आपल्याला एक विनंती. ज्यांच्या घरी ‘कावा’, ‘तंग’, ‘कडियाळे’, ‘मोहरकी’ असे पागेतले शब्द अजून कुणाच्या तोंडी असतील, त्यांनी ते अर्थासह आणि गावाच्या नावासह खाली लिहावेत. ‘चाबुकस्वार’ आडनावाच्या वाचकांची विशेष वाट पाहते आहे. अकबराच्या पागेच्या कारभाऱ्यांत, आईन-इ-अकबरीत, हे पद नोंदलेले आहे.