सांगून भागत नाही, विचारावं लागतं

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात गाड्यांसाठी कंट्रोल बोर्ड बनतात. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रत्येक बोर्ड ९ पासून १६ व्होल्टपर्यंत अर्ध्या-अर्ध्या व्होल्टने चढवत तपासायचा आणि प्रत्येक पायरीला तो किती करंट ओढतो याची नोंद करायची. पूर्वी एक जण पॉवर सप्लायचा नॉब फिरवायचा, दुसरा वहीत आकडे उतरवायचा. संध्याकाळच्या नोंदी पाहिल्या की माझा जीव घाबरायचा. सगळे आकडे एकसारखे गुळगुळीत. माणूस दमला की वही खोटं बोलायला लागते, यात त्या माणसाचा दोष नाही. हे काम कॉम्प्युटरला द्यायचं मी ठरवलं.

आमचा सप्लाय जुना, ई३६३१ए, तीन आउटपुटांचा. मागच्या बाजूला जीपीआयबी आणि आरएस-२३२ असे दोन्ही सॉकेट. जीपीआयबीची बस हेवलेट-पॅकर्डने १९६०च्या दशकाच्या अखेरीस आपल्या उपकरणांसाठी बनवली आणि १९७५ मध्ये ती आयईईई ४८८ या नावाने सर्वांसाठीचं मानक झाली. पण तारेतून जाणारे शब्द प्रत्येक कंपनीचे वेगळेच राहिले. १९९० मध्ये 'स्किपी' आली तेव्हा कुठे मीटर, सप्लाय, ऑसिलोस्कोप यांना एक समान आज्ञावली मिळाली. एवढ्या जुन्या यंत्राशी आजचा पायथॉन प्रोग्राम सहज बोलतो, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

मी आरएस-२३२ची केबल जोडली. वेग ९६००. पहिली आज्ञा नेहमी ओळख विचारण्याची: 'स्टार आयडीएन', पुढे प्रश्नचिन्ह. उत्तरात स्वल्पविरामांनी तोडलेले चार तुकडे येतात आणि त्यात कंपनी, मॉडेल, फर्मवेअर कळतं. मग 'सिस्टिम रिमोट', म्हणजे ताबा कॉम्प्युटरकडे. मग 'स्टार आरएसटी'; यात आउटपुट बंद होतं, म्हणून सुरुवात स्वच्छ. त्यानंतरचा क्रम मी कधीच बदलू देत नाही: आधी करंटची मर्यादा, मग व्होल्टेज आणि सगळ्यात शेवटी 'आउटपुट ऑन'.

खरी गोष्ट पुढे आहे. 'व्होल्ट' या आज्ञेला प्रश्नचिन्ह लावलं की सप्लाय सांगतो, तुम्ही मला किती द्यायला सांगितलंत. 'मेझर व्होल्ट'ला प्रश्नचिन्ह लावलं की तो सांगतो, टर्मिनलवर आत्ता प्रत्यक्ष किती आहे. मी दोन्ही प्रश्न प्रत्येक पायरीला विचारायचं ठेवलं आणि ९ व्होल्टच्या पायरीवर फरक उघडा पडला. पहिल्याचं उत्तर नऊ, दुसऱ्याचं नऊच्या बरंच खाली. आमचे जुने टेक्निशियन शेजारी उभे होते. म्हणाले, ''साहेब, समोर सीसी लागलंय बघा.''

सीसी म्हणजे कॉन्स्टंट करंट. सप्लायने करंटची मर्यादा गाठली होती आणि व्होल्टेज सोडून दिलं होतं. कारण साधं होतं. बोर्डावर स्विचिंग रेग्युलेटर आहे. त्याला ठराविक पॉवर लागते, त्यामुळे व्होल्टेज उतरलं की तो जास्त करंट ओढतो. १२ व्होल्टला ०.४ अँपिअर म्हणजे ४.८ वॉट, तेवढेच वॉट ९ व्होल्टला हवे तर ०.५३ अँपिअर लागतात. आणि मर्यादा ०.५ची, १२ व्होल्टच्या आकड्यावरून ठरलेली. सप्लाय हात आखडतो, व्होल्टेज घसरतं, बोर्ड आणखी करंट मागतो आणि बंद पडतो. बोर्ड चांगला होता, चाचणीच त्याला उपाशी ठेवत होती. फक्त पहिला प्रश्न विचारला असता तर रिपोर्टात '९ व्होल्टला नापास' असा शिक्का बसला असता. मर्यादा वाढवली, बोर्ड सरळ चालला.

दुसरा प्रश्नही टर्मिनलपुरताच खरा. तारांचा रोध येऊन-जाऊन ०.२ ओहम असेल आणि करंट ०.८ अँपिअर, तर ०.१६ व्होल्ट वाटेतच जातात. या मॉडेलला रिमोट सेन्सच्या तारा नाहीत, म्हणून आम्ही बोर्डाच्या पिनांवर वेगळा मीटर लावतो.

प्रत्येक टप्प्यानंतर 'सिस्टिम एरर' विचारायचंच. आज्ञेचं अक्षर चुकलं तर सप्लाय तक्रार आपल्या यादीत टाकतो, उणे ११३, आणि विचारेपर्यंत प्रोग्रामला काही कळवत नाही. याहून धोक्याची बाब म्हणजे प्रोग्राम मध्येच कोसळला तरी सप्लाय शेवटची आज्ञा पाळत राहतो, आउटपुट चालूच. म्हणून पायथॉनमध्ये 'आउटपुट ऑफ' ही ओळ 'फायनली'च्या आतच हवी. चूक होवो न होवो, ती चालतेच. आमच्याकडे ही ओळ नसलेला प्रोग्राम बोर्डाला जोडू दिला जात नाही.

तुमच्या कॉलेजच्या किंवा कारखान्याच्या कपाटात मागे जीपीआयबी नाहीतर आरएस-२३२चा सॉकेट असलेला सप्लाय धूळ खात असेल, तर तो भंगारात देऊ नका. यूएसबीची अडॅप्टर केबल बाजारात मिळते. जोडा आणि आधी त्याची ओळख विचारा.