महाद्वार रोडवरील एक संध्याकाळ

लग्नाच्या बस्त्यासाठी कोल्हापूरला गेलेल्या माणसाला महाद्वार रोड चुकत नाही. अंबाबाईच्या देवळाच्या पश्चिमेकडील महाद्वारासमोरचा हा रस्ता. जवळच गुजरीतील सराफी पेढ्या. साड्या, साज, पूजेचे साहित्य, सारे हाकेच्या अंतरावर.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही इचलकरंजीहून तेथे गेलो. साडीच्या दुकानातील मुलगा माझ्या सुनेपुढेच घड्या उलगडत राहिला. खरेदी करणारी होती माझी आई. (असा अंदाज आमच्या गादीवरही अनेकदा चुकतो.) आईने विचारले, "रंग जाईल का?" साडीकडे न पाहताच उत्तर आले, "मुळीच नाही." बिलाखाली छापले होते, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल बिलातील मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत परत न घेणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरविली आहे. तरीही ती ओळ छापली जाते. खरे सांगायचे तर आमच्याही बिलावर ती आहे. सुट्या तीन रुपयांऐवजी गोळ्या मिळाल्या, ते सोडून देऊ.

दिवस मावळण्यास तासभर उरला होता. आईचा रात्रिभोजनत्याग, म्हणून घाईने एका उपाहारगृहात शिरलो. वाढप्याला विचारले, "कांदा, लसूण, बटाटा नाही ना?" "नाही, जैनच आहे," तो म्हणाला. आत जाऊन आचाऱ्याला विचारावे, असे त्याला वाटले नाही. तिसऱ्या घासाला आईचा हात थांबला. भाजीत बारीक चिरलेला कांदा होता. मालक गल्ल्यावरूनच म्हणाले, "थोडाच असेल हो, बाजूला काढा." पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत. ताट तसेच ठेवून आई उठली. दुसरे काही मिळेपर्यंत सूर्य मावळला; त्या दिवशी ती उपाशी राहिली. तिने कोणाला दोष दिला नाही, त्यामुळे मला अधिकच अवघडल्यासारखे झाले.

परवा आई आमच्या दुकानात येऊन बसली होती. एका बाईंनी लाल साडीचा रंग विचारला. आमचा मुलगा "मुळीच नाही" म्हणू लागला, तोच आई म्हणाली, "अरे, ओला रुमाल घासून पाहा की आधी." रुमालावर फिकट तांबूस डाग उतरला. बाईंनी ती साडी घेतली नाही. दुसरीही घेतली नाही.

मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी त्याला घड्या घालायला सांगितल्या.