वखारींचीं जुनीं पत्रें

शिवकालाचा अभ्यास करावयाचा म्हटलें म्हणजे सुरत, राजापूर, कारवार येथील इंग्रज वखारवाल्यांचीं पत्रें टाळतां येत नाहींत. आपल्या बखरी बहुतेक मागाहून लिहिलेल्या. हा परका व्यापारी मात्र त्याच दिवसांत बसून लिहीत होता. त्याची दृष्टि मालाच्या भावावर आणि भरपाईवर, हें खरें. तरी त्याची साक्ष मोलाची.

आमच्या हट्ट्याच्या मराठी शाळेंत शिकलेली माझी नात एम्. ए. साठीं हीं पत्रें घेऊन बसली आणि चौथ्याच दिवशीं म्हणाली, “आजोबा, माझें इंग्रजीच कच्चें. मी विषय बदलतें.” घरांतील मंडळींनीं माना डोलावल्या. मला तें पटलें नाहीं.

सतराव्या शतकांत इंग्रजी स्पेलिंगला नियमच बसलेला नव्हता. कारकुनाच्या कानास जसें ऐकूं येईल तसें तो लिही. महाराजांचें नांव कोठें ‘सेवाजी’, तर कोठें ‘सावाजी’. शब्दामधला ‘एस’ लांबट, ‘एफ’सारखा दिसे. ‘वाय’च्या माथ्यावर बारीक ‘ई’ काढला कीं झाला ‘दि’! ‘प्रेझेंटली’चा अर्थ आज ‘थोड्या वेळानें’. त्या काळीं बहुधा ‘तत्काळ’. ज्यानें मोडी चाळली आहे, ‘राजमान्य राजश्री’चें ‘रा. रा.’ झालेलें पाहिलें आहे, त्यास यांत नवल तें काय?

खरी फसगत तारखांची. इंग्रजांचें वर्ष 1751 पर्यंत 25 मार्चला सुरू होई. म्हणून सुरतेची पहिली लूट आपण 1664 च्या जानेवारींत मांडतों, तर त्यांच्या हिशेबीं तें 1663 सालच चालू असे. कांहीं लेखक दोन्ही सालें जोडून लिहीत, तेवढीच सोय. शिवाय त्यांचें पंचांग दहा दिवस मागें. राज्याभिषेकाचा 6 जून 1674 हा दिवस त्याच जुन्या गणनेचा. आजच्या गणनेनें तो 16 जून येतो. त्या वेळीं हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर होता. त्याची हकीकत वाचतांना शके 1596, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी ही तिथि शेजारीं मांडली म्हणजे घोटाळा राहत नाहीं. आपल्या घरांतल्या मुलांस तिथि कळते, ही शिदोरी थोडी नव्हे.

पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयानें 1931 सालीं यांतील पुष्कळ पत्रें छापलीं. मीं नातीस सांगितलें, आधीं छापील पत्र घे आणि मोठ्यानें वाच. कानानें लिहिलेलें कानासच लवकर उमगतें. डोळ्यांस अनोळखी वाटलेला शब्द उच्चारतांच ओळखीचा निघतो. मूळ हस्ताक्षर त्यानंतर, तेंही रोज दहा ओळींहून अधिक नको.