परभणीच्या ओसरीवरील शिंगें

मनमाडहून नांदेडकडे जाणारी आगगाडी सेलू आणि मानवत रोड मागें टाकून परभणीस येते, तेव्हां दोहों बाजूंस काळ्याभोर मातीचीं शेतें पसरलेलीं दिसतात. उत्तरेस जिंतूरकडे डोंगर चढत जातात. दक्षिणेस गंगाखेडाजवळून गोदावरी वाहते. या मोकळ्या रानांत काळविटांचे कळप आजही हिंडतात आणि कोंवळ्या पिकांत शिरले म्हणजे शेतकऱ्यांच्या शिव्याही खातात. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं शिकार हा ऐटीचा छंद होता, आणि त्याची खूण म्हणून एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीवर काळविटाचीं पीळदार शिंगें अजून दृष्टीस पडतात.

अशा ओसऱ्या पाहतांना आम्हांस एका गोष्टीचें नवल वाटलें. एकीकडे कवटी हस्तिदंतासारखी निर्मळ, तर दुसरीकडे तीच वस्तु पिवळट, तेलकट, दांत गळालेली! दोहोंचें वय सारखेंच. भेद होता तो साफ करणाराच्या धीराचा.

कवटी साफ करण्याचा उतावळा मार्ग म्हणजे ती खळखळा उकळणें. कातडें, डोळे, जीभ व मेंदू काढून मंदाग्नीवर ठेवली तर दोन-तीन तासांत मांस सुटतें हें खरें. परंतु आंच वाढली कीं चरबी हाडांत मुरते, पातळ हाडांस चिरा जातात आणि दांत निखळतात. दुसरा मार्ग जमिनींत पुरण्याचा. त्यास कित्येक महिने लागतात, आणि परभणीच्या काळ्या मातींतून निघालेलें हाड डागाळलेलें निघाल्यास नवल नाहीं. तिसरा मार्ग नुसत्या पाण्याचा. झांकलेल्या पिंपांत कवटी बुडवून ठेवली म्हणजे सूक्ष्म जंतु मांस कुजवून टाकतात. मराठवाड्याच्या उन्हाळ्यांत हें काम दोन-तीन आठवड्यांत उरकतें, थंडींत महिने लागतात. दुर्गंधि मात्र अशी सुटते, कीं पिंप वस्तीपासून दूरच हवें! पदार्थसंग्रहालयांत हेंच काम केसाळ अळ्यांच्या किड्यांकडून करवितात. लहान कवटी ते कांहीं दिवसांत कोरून काढतात, मोठीस कांहीं आठवडे लागतात. आपल्या घरांतील लोंकरी शालींस भोंकें पाडणारे किडे याच कुळांतले!

काळविटाचें शिंग पोंकळ असून आंत हाडाचा खुंट असतो. पाण्यांत भिजून सैल झालेलें वरचें खोळ अलगद उपसून निराळें साफ करावें लागतें. तें उकळत्या पाण्यांत घालूं नये.

मांस गेलें म्हणजे काम संपलें असें नव्हे. कोमट साबणाच्या पाण्यांत, तें वारंवार बदलीत, चरबी काढण्यास पुन्हां कित्येक आठवडे जातात. ही पायरी गाळली, कीं कवटी कालांतरानें पिवळी पडते. शेवटीं हायड्रोजन पेरॉक्साइडच्या सौम्य पाण्यांत एक-दोन दिवस ठेवून ती सावलींत वाळवावी. कपड्यांचें ब्लीचिंग वापरूं नये. त्यानें हाड ठिसूळ होतें. एकंदरींत दोन-तीन महिने सहज लागतात.

१९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि काळविटाची शिकार गुन्हा ठरली. योगायोग असा, कीं त्याच सालीं परभणीस कृषि विद्यापीठ व पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यास बैलाची, शेळीची, घोड्याची कवटी हातीं घेऊनच शरीररचना शिकावी लागते, आणि ती तयार करण्याची कला हीच. जी विद्या पूर्वीं ओसरीच्या शोभेसाठीं खर्ची पडली, ती आतां लाल कंधारी बैलाचें दुखणें ओळखणारांस उपयोगी पडते.

वाचकांपैकीं कोणाच्या माजघरांत आजोबांनीं ठेवलेलीं शिंगें असतील, तर त्यांनीं आधीं मालकीचा दाखला शोधावा. अशी वस्तु वारशानें आली तर ९० दिवसांच्या आंत वनखात्यास कळवावें लागतें. विकणें तर सर्वस्वीं वर्ज्य. रानांत सांपडलेली कवटीही आपली नव्हे, सरकारची. मुलांनीं ती घरीं आणलीच, तर ४८ तासांत पोलिसांस किंवा वनाधिकाऱ्यांस वर्दी द्यावी. आणि मुलांना शिंगांचा पीळ पाहण्याची हौस असेल, तर त्यांना पहांटे जिंतूरच्या वाटेवर न्यावें. तेथें तीं शिंगें अद्यापि चालतीं-फिरतीं आहेत.