आकाशातला बदली कामगार

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली. वर्तमानपत्रांत विमानांचे मोठमोठे फोटो आले. माझ्या धाकट्या भावाला मी ती बातमी वाचून दाखवली. तो स्वतः वैमानिक आहे. त्याने एवढेच विचारले, "ताई, यादीत कुणाचा नंबर कुठे लागला, ते लिहिलंय का?"

ते लिहिलेले नव्हते. हा प्रश्न त्याच्या तोंडी का आला, ते सांगण्यासाठी आज हे लिहीत आहे.

आमचे वडील गिरणीत साचेखात्यात होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. पहिली सात वर्षे ते बदली होते. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तर आत जायचे, नाहीतर डबा घेऊन घरी परत. सात वर्षांनी ते कायम झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दादांना गिरणीने परत घेतले नाही. ते भिवंडीला पॉवरलूमवर गेले. कसब तेच, हात तेच. पण तिथे ते नवे. काल आलेल्या पोरांच्या मागे त्यांचा नंबर.

अशा घरातला मुलगा वैमानिक झाला. व्यावसायिक परवान्यासाठी दोनशे तास विमान चालवावे लागते आणि त्यातल्या प्रत्येक तासाचे पैसे मोजावे लागतात. बँकेचे कर्ज काढले, त्याला मामांची जमीन तारण ठेवली. मी परिचारिका; माझ्या पतपेढीचे कर्ज त्यात घातले. आईच्या पाटल्या गेल्या. पण त्याला नोकरी लागली, तेव्हा आईने साऱ्या चाळीला पेढे वाटले.

नोकरी छोट्या शहरांना विमाने नेणाऱ्या कंपनीत होती. कंपनीचे नाव इथे नको. तो एटीआर चालवायचा. सत्तरएक माणसांचे, पंख्याचे विमान. दिवसातून चार चार वेळा चढायचे आणि उतरायचे. कॅप्टन होण्याच्या यादीत त्याचा नंबर जवळ आला होता.

मग एका मोठ्या कंपनीने ती कंपनी विकत घेतली. कोणाला काढणार नाही, असे सुरुवातीला सांगितले. काही महिन्यांनी पंख्याची विमाने एकेक करून परत जाऊ लागली. वैमानिकांना विचारले गेले : मोठ्या विमानाचे प्रशिक्षण स्वतःच्या खर्चाने घ्या, बंधपत्रावर सही करा आणि नव्या यादीत शेवटी उभे राहा. नाहीतर राजीनामा द्या.

त्याने ही गोष्ट आठ दिवस कोणाला सांगितली नाही. नवव्या दिवशी रात्री जेवताना बोलला. आईला कळेना. विमान चालवता येते, मग हे काय आणि ते काय? पण दादांना चटकन समजले. त्यांनी विचारले, "म्हणजे तुझा परवाना एकाच साच्यापुरता आहे?"

"हो दादा. दुसरं विमान चालवायचं तर त्याची वेगळी नोंद परवान्यावर लागते. तिचा खर्च लाखांत."

"आणि घरी बसलास तर?"

"प्रवासी न्यायचे तर नव्वद दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणी झालेल्या असाव्या लागतात. वैद्यकीय तपासणी दर वर्षी. बसून राहिलो तर परवाना गंजतो."

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझं काम गेलं त्याचं मला एवढं वाटलं नाही. सात वर्षं गेटवर उभं राहून मिळवलेला नंबर गेला, त्याचं वाटलं."

भावाने सही केली नाही. मामांची जमीन दुसऱ्यांदा पणाला लावायची त्याची तयारी नव्हती. दीड वर्ष त्याने एका क्लासमध्ये मुलांना हवामानशास्त्र आणि दिशाज्ञान शिकवले. पगार पूर्वीच्या चौथाईसुद्धा नव्हता. बँकेचा हप्ता मी भरला. शेजारचे म्हणायचे, पायलटला कसली चिंता? आम्ही हसून विषय बदलायचो. तीच आमची चूक झाली. चाळीत कोणाची गिरणी बंद पडली की चार घरांतून पीठ यायचे. आमची अडचण मात्र आम्हीच लपवून ठेवली.

त्यानंतर मिळेल ते काम त्याने केले. २०१७ पासून उडान योजनेत छोट्या गावांची विमाने सुरू झाली. पंख्याच्या विमानांना पुन्हा दिवस आले आणि त्याला एटीआरवर घेतले. पण यादीत सर्वांत शेवटी. त्याच्या शेजारी बसणारा कॅप्टन त्याच्याहून चार वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी दादांनी फोनवर विचारले, "गेट उघडलं का रे?" दादा आज नाहीत. तो प्रश्न मात्र घरात राहिला आहे.

किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ च्या रात्री थांबली. कॅप्टनला नोकरी सोडायची तर एक वर्षाची आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागेल, असा नियम २०१७ मध्ये झाला होता. जेट बंद पडली तेव्हा तिच्या वैमानिकांना कोणी वर्षाची नोटीस दिली?

अमेरिकेत २००१ मध्ये टीडब्ल्यूए ही कंपनी अमेरिकन एअरलाइन्सने घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएचे बहुतेक वैमानिक यादीच्या तळाशी टाकले गेले. पुढे कपात आली तेव्हा तळातल्यांवरच कुऱ्हाड पडली. त्यानंतर २००७ मध्ये तिथे कायदा झाला की दोन कंपन्या एक होताना दोन्हीकडच्या ज्येष्ठतेच्या याद्या न्यायाने एकत्र कराव्यात. आपल्या संघटनांनीही हीच मागणी विलीनीकरणाच्या आधी लावून धरावी. सह्या झाल्यावर बोलून उपयोग नसतो.

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता या शिक्षणाची चौकशी करतात. त्यांनी जरूर जावे. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी विचारावे : हा परवाना कोणत्या विमानापुरता? वर्षभर पगार आला नाही तर हप्ता कोण भरणार? कंपनी विकली गेली तर माझा नंबर कुठे? आणि काम गेलेच, तर घरी पहिल्याच रात्री सांगावे. आठ दिवस थांबू नये.