दोन टोपणं पाणी

संपादकांनी बजावलं होतं, ‘नटबोल्ट नकोत, माणसांना कळेल असं लिहा.’ प्रयत्न करतो. पण यंदाची एक गाडी डोक्यातून जात नाही आणि ती नटबोल्टांशिवाय सांगता येत नाही.

दौंडच्या कुरकुंभ मोरीत पाणी साचलेलं असताना शिरूरच्या एका गृहस्थांनी डिझेल गाडी आत घातली. मध्यावर बंद पडली. बाहेर ढकलून सेल मारला, तर नुसतं ‘टक्’. मग ट्रॅक्टरला टोचन लावून ती गिअरमध्ये ओढली आणि चालू झाली! चौफुला-न्हावरा रस्त्याने घरीसुद्धा आली. पुढे काही आठवड्यांनी रॉड ब्लॉक फोडून बाहेर. “तेव्हा तर चालू झाली होती की!” हे वाक्य मला दर पावसाळ्यात ऐकावं लागतं.

इंजिन १२४८ सीसीचं, आपल्या रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनायचं तेच. चार सिलिंडर, म्हणजे एकाच्या वाट्याला ३१२ सीसी. कॉम्प्रेशन १७.६ ला १. पिस्टन पार वर पोचल्यावर माथ्याशी जागा उरते साधारण १९ मिलिलिटर. खोकल्याच्या औषधाची दोन टोपणं. त्याहून जास्त पाणी फिल्टरमधून आत ओढलं गेलं की संपलं. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन अडतो, पण फ्लायव्हील फिरायचं थांबत नाही. वाकतो तो मधला कनेक्टिंग रॉड. ११ ला १ कॉम्प्रेशनच्या १२०० सीसी पेट्रोल इंजिनात हीच जागा ३० मिलिलिटर असते, म्हणून पेट्रोलवाले कधीकधी निसटतात.

आता माझं जुनं भांडण. विम्याचा सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारतो, “सेल मारला होता का?” हो म्हटलं की नुकसान तुमच्या हातचं, क्लेम नामंजूर, इंजिन प्रोटेक्ट घेतलेलं नसेल तर बोलायलाच नको. अहो, पाण्यावर अडलेला पिस्टन बहुतेक वेळा सेलच्या मोटरला हलतच नाही. चालत्या इंजिनाने पाणी गिळलं तेव्हा रॉड वाकतो, नाहीतर टोचनने. ट्रॅक्टरला थोडंच कळतं आत काय अडलंय! पण टोचनचं कुणी विचारत नाही. या गाडीचा रॉड मोरीत वाकला की टोचनने, हे तुकडे पाहून मलाही छातीठोक सांगता येईना.

गाडी पाण्यात बंद पडली की चावीला हात लावू नका. फिल्टर ओला आहे का बघायचा, गेजकांडी ओढून ऑइल दुधाळ झालंय का बघायचं. पेट्रोलचे प्लग, डिझेलचे नोझल काढून मगच इंजिन फिरवायचं. पाणी कारंज्यासारखं उडतं, तोंड लांब ठेवा. नोझल बसवताना तांब्याचे वॉशर नवे. शंका राहिली तर हेड उतरवून चारही पिस्टनची उंची डायल गेजने मोजायची. एखादा कमी भरला तर त्याचा रॉड वाकलाय.

पण चालू गाडीचं हेड उतरवायचं म्हटलं की गिऱ्हाईक माझ्याकडे दरोडेखोरासारखं बघतं. बॉनेट उघडून दोन दिवस उन्हात लावा, हा सल्ला फुकट मिळतो ना! ऊन पत्र्याला लागतं, सिलिंडरला नाही. आत तोवर रिंगा गंजायला लागलेल्या असतात.