पत्ता चुकला!

घरात नवी सून आली, की कालपर्यंतची धाकटी एका रात्रीत मधली होते. तिने काही केलेले नसते. तिची खोली तीच, तिचा पाट तोच. पण "धाकटीला बोलवा" अशी हाक आली, की आता तिने उठायचे नसते, दुसऱ्याच कुणीतरी उठायचे असते. आमच्या नेवासे तालुक्यातल्या मोठ्या कुटुंबांतून हा घोटाळा मी लहानपणी पुष्कळदा पाहिला आहे. तोच घोटाळा गेल्या आश्विनात माझ्या टेबलाखालच्या संगणकात होईल, असे मात्र स्वप्नातही वाटले नव्हते.

त्या संगणकात माझ्या आईच्या जात्यावरच्या ४१२ ओव्या होत्या. शेवटच्या दोन वर्षांत ती म्हणत गेली आणि मी वहीत उतरवीत गेले. मग त्या मी टंकून काढल्या. आई गेली. पुढे वही वाळवीने खाल्ली. म्हणजे त्या ओव्या साऱ्या जगात एकाच ठिकाणी उरल्या! हा विचार मनाला टोचू लागला, तेव्हा दुसरी प्रत ठेवण्यासाठी मी मुद्दाम नवी डिस्क आणवली. भाच्याने ती आत बसवली, चहा घेतला आणि तो पुण्याच्या गाडीला गेला.

रात्री मी बटण दाबले. नेहमीची यादी दिसली, नाहीशी झाली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी निरोप आला. 'एसडीए-२' नावाचे काही अस्तित्वातच नाही, असे तो सांगत होता. खाली एक रेघ लुकलुकत होती. मी तीन वेळा बंद-चालू केले. तीनही वेळा तेच. आईच्या ओव्या जिथे होत्या, ती जागाच अस्तित्वात नाही!

भाच्याचा फोन लागेना. मग नाइलाजाने मी ज्याला फोन केला, तो माझा जुना विद्यार्थी. माझ्याच विषयात दोनदा नापास होऊन त्याने कॉलेज सोडले. आता तो संगणक दुरुस्त करतो. मी त्याला भरभरून सांगू लागले, की डिस्क जळाली असावी, नव्या डिस्कने जुनी पुसली असावी. त्याने मला मध्येच थांबवले.

"मॅडम, पडद्यावर जे लिहिलंय ते तसंच वाचा. अर्थ लावू नका."

वीस वर्षे अर्थ लावण्याचाच पगार घेणाऱ्या बाईला हे ऐकावे लागले! मी मुकाट्याने वाचले.

त्याने सांगितले ते असे. संगणक सुरू झाला, की आधी 'बूटलोडर' नावाचा एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो. माझ्याकडच्याचे नाव ग्रब. तो म्हणजे नाटकातला सूत्रधार. तो डिस्क शोधतो, तिच्यावरचा 'कर्नल', म्हणजे सगळ्या कारभाराचा गाभा, उचलून स्मृतीत आणून ठेवतो, 'घर अमुक ठिकाणी आहे' अशी एक ओळ त्याच्या हाती देतो आणि विंगेत जातो. माझा कर्नल लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा आरंभ केला. हा कर्नल मोठा स्वाभिमानी! सूत्रधाराने केलेली मोजदाद तो मानीत नाही. सगळ्या यंत्रांना स्वतः नव्याने हाका मारतो. जी डिस्क आधी ओ देईल ती 'एसडीए', नंतरची 'एसडीबी'. भाच्याने नवी डिस्क पहिल्या खोबणीत लावली होती. ग्रबच्या हिशेबी जुनी अजून पहिलीच होती, म्हणून त्याने बिनचूक काम केले. कर्नलच्या हिशेबी मात्र नवी पहिली झाली होती, आणि तिच्यावर दुसरा भाग नव्हताच. दोघेही आपापल्या परीने खरे. चुकला होता तो पत्ता.

"पण मॅडम, अशी गल्लत होऊ नये म्हणून हल्ली तिथं नाव लिहीतच नाहीत. प्रत्येक भागाला जन्मतःच दिलेला आकडा लिहितात. तुमच्याकडे तो बदलला कुणी?"

मी गप्प झाले. चार वर्षांपूर्वी याच भाच्याने मला विचारले होते, आकडा ठेवू की नाव? आकडे आणि अक्षरे मिळून बत्तीस, शिवाय चार आडव्या रेघा, असे ते लचांड मला विद्रूप वाटले. "सुटसुटीत नाव लिही," असे मीच म्हटले होते. शैलीचा सोस!

आमच्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. तरी जुन्या नावाची पत्रे मुक्कामी पोचतात, कारण १९७२ पासून खाली पिन कोड असतो. ४१४००१ ला कुणी थोरले-धाकटे करू शकत नाही. हे मला वर्गात सांगता आले असते. स्वतःच्या संगणकाबाबत मात्र सुचले नाही.

पुढचा अर्धा तास मी आज्ञाधारक विद्यार्थिनी झाले. त्याने सांगितलेली आज्ञा टंकली. दोन्ही डिस्कांचे आकडे पडद्यावर आले. जुनीचा आकडा मी फोनवर वाचू लागले. "बदकातला बी, की डमरूतला डी?" तो विचारी. मग पुन्हा सुरुवात; ग्रबच्या यादीवर 'ई'ची कळ; त्या ओळीतले नाव खोडून तिथे आकडा. एक अक्षर चुकले, पुन्हा काळा पडदा. दुसऱ्या खेपेस मात्र ओळखीचा निळा पडदा उजळला. ओव्या जिथल्या तिथे होत्या.

"ही दुरुस्ती एका वेळेपुरतीच," तो म्हणाला, आणि कायमची कशी करायची तेही त्याने सांगितले. पैसे घेईना. मी दुसरी प्रत नव्या डिस्कवर काढली आणि तिसरी त्याला पाठवली, सांभाळायला.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "मॅडम, त्यातली एक ओवी माझी आजी निराळी म्हणते. तिचा अर्थ काय असेल?"

"आजी म्हणते ते तसंच लिहून घे," मी म्हटले. "अर्थ लावू नकोस."